विंडोज गडबड करतंय पण फॉरमॅट मारायचा नाहीये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन हँग होतंय, निळी स्क्रीन येतेय, मधेच आपोआप रिस्टार्ट होतंय, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो फॉरमॅट मारून टाका. याबद्दल लोक मला जे जे परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलंय. सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. कमांड मी फोनवर सांगते तशा उच्चाराने लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करायच्या.

१. फॉरमॅट मारला की सगळं नवं कोरं होतं ना, मग दुरुस्तीच्या भानगडीत का पडायचं?

विंडोज टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो हो, पण खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर केलं नसेल तर ते अडकतं, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या लॉकचा, म्हणजे डोंगलचा, ड्रायव्हर परत शोधावा लागतो, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर, बायोमेट्रिक मशीन चालवणारं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर, हे सगळं एकेक करून परत बसवायचं. आणि डीटीपीवाल्यांकडे शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची पानं असतात, तो फॉन्ट गेला की फाईल उघडते पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. इतकं सोसूनही मूळ दोष रॅममध्ये असेल तर नव्या विंडोजवर चार दिवसांत तेच सुरू होणार. म्हणून दुरुस्ती आधी, फॉरमॅट सगळ्यात शेवटी (तो कधी, ते प्रश्न १८ मध्ये).

२. बरं, मग सुरुवात कुठून करू?

बॅकअपपासून. मशीन चालू होतंय तोवर फोटो, टॅलीचा डेटा, फॉन्टचं फोल्डर, डेस्कटॉप आणि डाऊनलोड्स बाहेरच्या डिस्कवर घ्या, डेस्कटॉपही सी ड्राइव्हवरच असतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. हे झाल्याशिवाय खालची एकही गोष्ट करू नका, मी हे कळकळीने सांगतेय.

मग एकदा रिस्टार्ट करा. शटडाऊन नाही, रिस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अपटाइम बघा, रोज रात्री बंद केलेल्या मशीनचा अपटाइम २० दिवस दिसेल. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने चढतं.

३. दोष विंडोजचा आहे की हार्डवेअरचा, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नेमका हाच कोणी स्वतःला विचारत नाही. सोपी परीक्षा अशी: मशीन चालू करून बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जच्या) स्क्रीनवर नुसतं सोडून द्या, अर्धा तास. तिथेही बंद पडलं किंवा अडकलं तर विंडोजचा काही संबंध नाही, कारण बायोसमध्ये विंडोज सुरूच झालेलं नसतं.

रॅमसाठी स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा आणि चालवा. ते पटकन होतं पण बारीक दोष त्यातून निसटतात, शंका असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी ती रॅम खराब समजायची, "एकच आहे ना" म्हणून सोडू नका. दोन स्टिक असतील तर एकेक काढून बघा. पावसाळ्यानंतर सुरू होणाऱ्या तक्रारींत बरेचदा रॅमच्या सोनेरी पट्टीवर चढलेला थर कारण असतो, मशीनची वायर काढून रॅम बाहेर घ्या, साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुगा झटका आणि क्लिक आवाज येईपर्यंत परत बसवा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर बघा. गुड ऐवजी कॉशन किंवा बॅड दिसलं, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा) वाढत असतील, तर दुरुस्ती थांबवा आणि आधी डेटा काढा. डिस्क ठीक असूनही सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर अपडेट अर्धवट होतात आणि सगळंच डगमगतं, निदान २०-२५ जीबी मोकळी ठेवत जा.

तिसरा संशयित एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता. गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की मशीन काही न सांगता धाडकन बंद पडत असेल तर आधी पंख्यातली धूळ, मग थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप), मग एसएमपीएस.

४. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल एरर सारखी दिसते, हाच व्हायरस आहे का?

नाही. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, आणि त्यातल्या ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. लाईट गेली, तुम्ही बटण दाबून धरलं, एसएमपीएसने दम तोडला, काहीही असो, नोंद ४१ चीच होते, त्यातून कारण कळत नाही. त्याच वेळच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची नोंद असेल तर ती जास्त बोलकी, ती हार्डवेअरकडे बोट दाखवते.

इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा मी लोकांना रिलायबिलिटी मॉनिटर उघडायला सांगते. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं की "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येतं. दिवसवार तक्ता असतो, १ ते १० मधला स्थिरतेचा आकडा असतो, आणि लाल फुल्या कुठल्या दिवसापासून सुरू झाल्या ते एका नजरेत दिसतं. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं ते खालच्या यादीत बघायचं, निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

५. ती एसएफसी कमांड सगळे सांगतात, ती नेमकी कशी चालवायची आणि ती करते काय?

स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा (विंडोज १० ला पॉवरशेल ॲडमिन). आधी ही: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. क्लीनअप आणि इमेजच्या मधे हायफन आहे, रिस्टोअरहेल्थ सलग एक शब्द. ती १०० टक्के झाली की दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ.

क्रम असा का, ते समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. विंडोजकडे स्वतःच्या फाईलींचं एक गोदाम असतं, विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये. एसएफसी चालू फाईली तपासते आणि बिघडलेल्या फाईलच्या जागी गोदामातली चांगली प्रत ठेवते. पण गोदामातलाच माल खराब असेल तर ती तरी काय ठेवणार? डीआयएसएम ते गोदाम विंडोज अपडेटवरून चांगल्या प्रती आणून नीट करते. म्हणून आधी गोदाम, मग दुकान.

एसएफसीच्या शेवटी बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर येतं. काही दोष सापडला नाही, म्हणजे सिस्टिम फाईली ठीक आहेत, दुसरीकडे शोधा. सापडले आणि दुरुस्त केले, म्हणजे रिस्टार्ट करून खात्रीसाठी परत एकदा चालवा. सापडले पण काही दुरुस्त करता आले नाहीत, म्हणजे दोन्ही कमांड पुन्हा एकदा, आणि तरीही तेच आलं तर थेट प्रश्न १०.

६. डीआयएसएम एकाच टक्क्यावर अडकून बसलंय, बंद करू का?

नका. २० टक्के किंवा ६२.३ टक्क्यांवर ते बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं, आतून काम चालू असतं, जुन्या हार्डडिस्कवर तर तास लागू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय हे करूच नका.

"सोर्स फाईल्स सापडल्या नाहीत" अशी एरर आली, म्हणजे शून्य एक्स ८००एफ०८१एफ, तर त्याला चांगल्या प्रती मिळाल्या नाहीत. एकदा नेट तपासून परत करा. आयएसओमधून (विंडोज टाकायची पूर्ण फाईल) सोर्स देता येतो पण त्याची कमांड किचकट आहे आणि आवृत्ती अगदी जुळावी लागते, त्यापेक्षा तीच आयएसओ वापरून प्रश्न १० मधला उपाय करणं मला जास्त सोपं वाटतं.

७. सेफ मोडमध्ये कसं जायचं? एफ८ दाबून काहीच होत नाही.

एफ८ चे दिवस गेले. लॉगिन स्क्रीनवर पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा, नेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर चढतात, त्यामुळे तिथे मशीन तासभर शांतपणे चाललं आणि नेहमीच्या मोडमध्ये पाच मिनिटांत पडलं तर गुन्हेगार एखादा ड्रायव्हर किंवा सुरुवातीला चालू होणारा प्रोग्रॅम आहे. डिस्कचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर इथे ते उघडण्याची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, प्रश्न १३ आधी वाचून घ्या.

८. अपडेट किंवा नवा ड्रायव्हर आल्यापासून निळी स्क्रीन यायला लागली, आता?

स्क्रीनवरच्या स्टॉप कोडचा (तिथे दिसणाऱ्या एररच्या नावाचा) मोबाईलवर फोटो काढून ठेवा. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन काळी झालीय, अर्थ तोच.) ड्रायव्हरचा संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर असतं. अपडेटचा संशय असेल तर सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीतून, आणि मशीन चालूच होत नसेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं अपडेट काढता येतं. मोठी आवृत्ती बदलली असेल तर साधारण १० दिवसांत मागे जाता येतं, त्यानंतर जुन्या फाईली पुसल्या जातात.

एक फाईल काय करू शकते याचं उदाहरण सगळ्यांनी बघितलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली २९१ नंबरची ती फाईल पुसायची, रिस्टार्ट. विंडोज परत टाकायची गरज नव्हती. निळी स्क्रीन बघून हातपाय गाळणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

९. सिस्टिम रिस्टोअर केलं तर माझे फोटो जातील का?

सिस्टिम रिस्टोअर म्हणजे विंडोजला आधी साठवलेल्या एखाद्या तारखेच्या अवस्थेत, म्हणजे रिस्टोअर पॉइंटवर, परत नेणं. त्यात फोटो, डॉक्युमेंट जात नाहीत. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) आणि सिस्टिम फाईली मागे जातात. अडचण वेगळीच आहे, बऱ्याच मशीनवर हे बंदच असतं, त्यामुळे गरज पडते तेव्हा एकही पॉइंट सापडत नाही. मशीन आत्ता ठीक असेल तर आजच स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा, सी ड्राइव्ह निवडून चालू करा.

१०. सगळे प्रोग्रॅम तसेच ठेवून विंडोज दुरुस्त करता येतं असं ऐकलंय, खरंय का?

खरंय, आणि दुर्दैवाने हे फार कमी जणांना माहीत आहे. याला रिपेअर इन्स्टॉल किंवा इन-प्लेस अपग्रेड म्हणतात. चालू विंडोजवर त्याच विंडोजची ताजी प्रत चढवायची, सिस्टिम फाईली सगळ्या बदलतात, तुमचे प्रोग्रॅम, फाईली, फॉन्ट जागच्या जागी राहतात. मी अशा मशीन बघितल्यात ज्यांना दुकानात फॉरमॅट सांगितला होता आणि ज्या या एका उपायाने परत वर्षानुवर्षं चालल्या.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सोपा रस्ता आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे "फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट". ते नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ उतरवा, डबल क्लिक करून उघडा, आतलं सेटअप चालवा. पेनड्राइव्हवरून बूट करून हे होत नाही, चालू विंडोजच्या आतूनच करायचं. पुढे "कीप पर्सनल फाईल्स अँड ॲप्स" दिसलं पाहिजे आणि ते निवडता आलं पाहिजे. ते पुसट दिसत असेल तर तिथेच थांबा आणि बाहेर पडा. कारण बहुतेक वेळा आयएसओची भाषा वेगळी असते (इंग्लिश आणि इंग्लिश इंटरनॅशनल या दोन वेगळ्या धरल्या जातात), आवृत्ती तुमच्यापेक्षा जुनी असते, किंवा एडिशन (होम, प्रो वगैरे) जुळत नाही, आपल्याकडच्या लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज ही एडिशन खूप असते.

करण्याआधी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस काढा, जादा पेनड्राइव्ह वगैरे उपसून ठेवा. झाल्यावर जुने रिस्टोअर पॉइंट जातात, काही सेटिंग्ज मूळपदावर येतात, डोंगल लावून श्रीलिपी आणि टोकन लावून सिग्नेचर चालतंय का ते लगेच बघा.

११. "रीसेट धिस पीसी" मध्ये "कीप माय फाईल्स" आहे, ते म्हणजे हेच ना?

नाही, आणि या गैरसमजाने लोकांचं खूप नुकसान होतं. त्यात फाईली राहतात पण तुम्ही टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात, डेस्कटॉपवर नुसती गेलेल्या प्रोग्रॅमची यादी उरते. प्रोग्रॅम ठेवायचे असतील तर प्रश्न १०.

१२. विंडोज सुरूच होत नाही, मग या कमांड चालवायच्या कुठे?

सुरू होताना सलग दोन-तीन वेळा अडकलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या स्क्रीनवर नेतं. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, मग सिस्टिम रिस्टोअर, हा क्रम ठेवा. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी असेल, त्यामुळे कुठलीही कमांड देण्याआधी डीआयआर, स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाइप करून तुमचं विंडोज फोल्डर कुठल्या ड्राइव्हवर आहे ते बघा. चुकीच्या ड्राइव्हवर काम करून लोकांनी गोंधळ घातलेला मी बघितलाय.

डेटा काढायचा असेल तर त्याच प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड टाइप करा. नोटपॅड उघडतं, फाईल, ओपन, खाली ऑल फाईल्स निवडा, आणि त्या छोट्या खिडकीतूनच फोल्डर राइट क्लिकने कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. दिसायला साधं आहे पण यातून लोकांचे लग्नाचे, बाळाचे फोटो परत मिळालेत.

१३. मध्येच ४८ आकडी बिटलॉकर की मागतंय, मी तर कधी लावलंच नव्हतं!

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. तुम्ही लावलं नसेल, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाते. मोबाईलवरून त्याच अकाउंटने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की दिसते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे. की मिळालीच नाही तर डेटा परत येत नाही, कुठलंही दुकान आणू शकत नाही. म्हणून मशीन चांगलं आहे तेव्हाच की कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाईलला लावा.

१४. "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" येतंय, डिस्क गेली म्हणतात.

कदाचित गेली असेल. पण आधी एक विचारते, मशीनचं घड्याळ चुकत होतं का? बोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते, तारीख चुकली की वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून अडतात, आणि बायोसच्या सेटिंग्जही मूळ जागी जातात. त्यात डिस्कचा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) एएचसीआय वरून रेडवर किंवा उलटा झाला की विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. आमच्या ओळखीत एका काकूंना अशाच मशीनसाठी नवी डिस्क आणि फॉरमॅट सांगितला होता, आम्ही सेल बदलला, मोड पूर्वीसारखा केला, आणि त्यांचं भिशीचं बारा वर्षांचं हिशेबाचं फोल्डर जसंच्या तसं उघडलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

१५. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर वापरू का?

नको. रजिस्ट्रीत जुन्या नोंदी पडून राहिल्याने मशीन अस्थिर होत नाही, पण चुकीची नोंद पुसल्याने नक्की होतं. आणि विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रजिस्ट्रीची आपोआप होणारी जुनी बॅकअपही बंद आहे, त्यामुळे रिस्टोअर पॉइंट नसेल तर मागे जायला सोपा रस्ता नसतो.

१६. माझ्या लॉगिनमध्येच स्टार्ट मेन्यू उघडत नाही, मुलाच्या लॉगिनमध्ये सगळं ठीक आहे.

मग विंडोज चांगलं आहे, तुमचं प्रोफाइल बिघडलंय. नवं युझर अकाउंट करा, डॉक्युमेंट, फोटो त्यात कॉपी करा. जुनं लगेच पुसू नका, महिनाभर राहू दे.

१७. माझ्याकडे अजून विंडोज १० आहे आणि मशीन ११ घेत नाही, दुरुस्ती करून उपयोग आहे का?

आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, पण म्हणून ते बंद पडत नाही आणि वरचे सगळे उपाय त्यावर चालतात. नोंदणी केली तर घरगुती मशीनला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. बँकेची कामं त्या मशीनवर करत असाल तर ही नोंदणी नक्की करा.

१८. हे सगळं केलं तरी मशीन पडतंच, आता तरी फॉरमॅट?

रिपेअर इन्स्टॉलनंतरही पडत असेल तर संशय परत हार्डवेअरवर घ्या, प्रश्न ३ पुन्हा करा, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. एक खास गोष्ट, इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येते हे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून येते) दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट केलं की पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही, तिथे प्रोसेसरच बदलून मागायचा. असा प्रोसेसर असताना दहा वेळा फॉरमॅट मारला तरी फरक पडणार नाही.

फॉरमॅट खरंच मारावा तो रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) किंवा खोलवर मुरलेला व्हायरस असेल तेव्हा, कारण अशा विंडोजवर परत भरवसा ठेवता येत नाही. क्रॅक टाकून ॲक्टिव्हेट केलेल्या विंडोजबद्दलही माझं हेच मत आहे, त्या क्रॅकने अपडेट आणि डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करून ठेवलेलं असेल तर नुसती फाईल दुरुस्ती करून ते नीट होईल असं मी म्हणणार नाही.

१९. मला जमणार नाही, दुकानातच द्यायचंय, तर काय काळजी घेऊ?

डेटाची एक प्रत घरी ठेवा. टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, श्रीलिपीचा डोंगल आणि सिग्नेचरचं टोकन मशीनला लावून देऊ नका. "हँग होतंय" एवढंच न सांगता कधीपासून, काय करताना, कुठला स्टॉप कोड हे लिहून द्या, फोटो दाखवा. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" लिहून, खाली आपला फोन नंबर घालून तो कागद मशीनवरच चिकटवा, कारण काउंटरवर तुम्ही ज्याला सांगता आणि आत जो मशीन उघडतो ती माणसं बरेचदा वेगळी असतात.